गाण्यातला कावळा

हार्लेमहून ॲमस्टरडॅमला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत तो रोज माझ्यासमोर बसायचा. कानांवर हेडफोन, मांडीवर लॅपटॉप आणि त्यावर एक जुनापुराणा तमिळ बोलपट. नोकरी माझ्यासारखीच आयटीतली; त्या बोलपटाचा आवाज साफ करायचं खूळ मात्र त्याचं स्वतःचं. खरखर आली की डोळे मिटायचा, ती नेमकी सापडेपर्यंत उघडायचा नाही.

एकदा त्याने हेडफोन काढून माझ्यापुढे धरला. नायिका गात होती आणि मागे कावळा कावकाव करत होता.

"हा राहिला की! एका क्लिकमध्ये जाईल," मी शहाणपणा केला.

"राहिला नाही, ठेवलाय. तेव्हा उन्हात, उघड्यावर शूटिंग व्हायचं. कॅमेऱ्यासमोरच गायचं. कावळा ओरडला की पुन्हा पहिल्यापासून. इथे ती थांबली नाही. नीट ऐका."

कावळ्याने आवाज चढवला, तसा तिनेही चढवला. शेवटी गप्प बसला तो कावळाच.

"कावळा काढला तर ती कुणाला पुरून उरली, हे कसं कळणार?"

लॅपटॉप विचारत होता, गोंगाट काढू का? त्याने 'नाही' दाबलं आणि पुढच्या खरखरीसाठी डोळे मिटले.