कंडम

आमच्या घरात माणसांशी गाडीच्या भाषेत बोलायची खोड होती, आणि ती माझ्यात जास्त. आण्णा, म्हणजे माझे वडील, लष्करात गाड्यांचे मेकॅनिक होते. मी पुण्यात एका लष्करी वर्कशॉपात नागरी कामगार आहे, तीही गाड्यांवरच. आई सकाळी उशिरा उठली की मी म्हणायचे, "बॅटरी उतरली वाटतं." आण्णा चिडले की, "इंजिन तापलंय, पाणी आणा." सगळे हसायचे. याच खोडीपायी मी वडिलांना असं दुखवलं की ते अजून कोणाजवळ धड सांगता आलेलं नाही.

आण्णा मूळचे आहुप्याचे. लष्करातून सुटल्यावर त्यांनी आईच्या गावी, राजुरीत, घर बांधलं. नोकरीची शेवटची बरीच वर्षं त्यांनी एकाच ट्रकवर काढली होती. क्रेन बसवलेला ट्रक, घाटात घसरलेल्या, चिखलात रुतलेल्या गाड्या ओढून काढणारा. तोच ट्रक पुढे फिरत फिरत आमच्या वर्कशॉपात आला. मी नंबर सांगितला तेव्हा आण्णा खुर्चीवरून उठलेच. त्यानंतर दर शनिवारी मी घरी पोचले की माझ्या तब्येतीच्या आधी त्यांचा प्रश्न यायचा, "माजी गाडी कशी हाये?"

आमच्याकडे आता नव्या गाड्या येतायत. वायर जोडली की लॅपटॉपच सांगतो काय बिघडलंय ते. आण्णा लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवून मूठ कानाशी धरायचे आणि डोळे मिटून आवाजावरूनच बिघाड ओळखायचे. पण नव्या गाड्या काही एका दिवसात येत नाहीत. तोवर जुन्या चालत्या ठेवायच्या, आणि त्यांचे पार्ट तर कंपन्यांनी केव्हाच बंद केलेले. म्हणून कोणती गाडी बाद करायची ते ठरवायला अधिकाऱ्यांचं बोर्ड बसतं. बोर्डाने गाडी कंडम ठरवली की ती मागच्या मैदानात जाते. मग तिच्यात तेल-पाणी कोणी घालत नाही. डायनॅमो, आरसे, चाकं, जे चांगलं असेल ते काढून चालू गाड्यांना लावतात. मीही लावते. आण्णांना ते कधी बघवलं नाही. "आमच्या आहुप्याला देवराईतलं मोडून पडल्यालं लाकूडबी कोण उचलत न्हाई," ते म्हणायचे, "आन तुमी उभ्या गाडीचे डोळे काढता." डोळे म्हणजे हेडलाइट.

मग आण्णांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, तोंड वाकडं झालं. दर शनिवारी मी त्यांना मंचरला व्यायामाच्या दवाखान्यात न्यायला लागले. त्यांनी मनाशी एकच धरलं होतं, चालता आलं की वर्कशॉपात जायचं आणि आपल्या ट्रकचा आवाज एकदा ऐकायचा. त्यासाठी ते दात-ओठ खाऊन पाय उचलायचे. मी म्हणायचे, "आण्णा, फर्स्ट गिअर टाका." ते अर्ध्या तोंडाने हसायचे आणि पाय आणखी दोनदा जास्त उचलायचे.

त्याच सुमारास तो ट्रक बोर्डासमोर आला. इंजिन ठणठणीत होतं, पण क्रेनचा पंप गेला होता आणि तसला पंप कुठेच मिळेना. तांत्रिक रिपोर्ट मलाच लिहायचा होता. आण्णांना मी चकार शब्द सांगितला नाही.

एका शनिवारी मंचरला आण्णा पडद्याआड व्यायामाच्या टेबलावर होते आणि मी बाहेर पॅसेजमध्ये. तेवढ्यात साहेबांचा फोन आला, रिपोर्टचं काय झालं म्हणून. हायवेवर ट्रकांचे हॉर्न चाललेले, त्यामुळे मी ओरडूनच बोलत होते. शिवाय मला रडू यायला लागलं की माझा आवाज चढतो, ही आणखी एक वाईट सवय. मी म्हणाले, "नाही साहेब, आता त्यात काही राहिलं नाही. किती दिवस ओढायचं? बाकीची कामं अडून राहतात. कंडमच करा." परतताना आण्णांनी गाडीत डोळे मिटून घेतले. मला वाटलं, दमले असतील.

पुढच्या शनिवारी गेले तर त्यांच्या मनगटावर घड्याळ नव्हतं. मामाला दिलं म्हणाले. त्यानंतर रेडिओ गेला शेजारी. मग पान्यांची पेटी, जिला मलाही हात लावू देत नसत, ती विहिरीच्या मोटरी दुरुस्त करणाऱ्या एका गाववाल्याला. "पडून काय करायची? चालू गाडीला लागंल," ते म्हणाले. मला वाटलं, आण्णांचं मन मोठं झालं. मी वर चेष्टाही केली, "काय आण्णा, स्टोअर रिकामं करताय का?" व्यायामाला मंचरला यायचंही त्यांनी बंद केलं होतं, पाय दुखतो म्हणून.

शेवटी आईने मला स्वयंपाकघरात ओढलं. तिच्या ओंजळीत गोळ्या होत्या. "उशीच्या खोळीत सापडल्या. घेतच न्हाईत. इचारलं तर म्हणत्यात, कंडम गाडीत त्याल कोण घालतं? पोरीनंच मंचरला सांगितलं, माज्या कानानं ऐकलं. काय बोललीस गं त्यांना?"

स्वयंपाकघरापासून त्यांच्या खाटेपर्यंत चार पावलं. तेवढ्यात मला सगळं कळलं. मी त्यांच्याबद्दल बोलत नव्हते, हे पटवायचं तर कोणाबद्दल बोलत होते तेही सांगावं लागणार. त्यांचा ट्रक मागच्या मैदानात उभा आहे, हेडलाइट काढलेत, आणि ते मी लिहून दिलंय, हे सांगावं लागणार. ज्या आशेवर त्यांनी पाय उचलला होता, तीच मी संपवली होती.

मी खाटेवर बसले. म्हणाले, "आण्णा, मंचरला तुमी ऐकलं ते तुमच्याबद्दल न्हवतं. गाडीबद्दल व्हतं."

"कोणच्या गाडीबद्दल, बाय?"

एरवी माझं तोंड बंद ठेवायला घर एक व्हायचं. त्या वेळी मी "व्हती एक," एवढंच म्हणाले.

आण्णांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. "असूंदे. मला राग न्हाई आला. तू तरी किती दिस वढशील? खरं ते बोललीस."

मी रडले. त्यांना वाटलं, चूक कबूल करतेय. ते डोक्यावरून हात फिरवत राहिले, आणि मी तो फिरवू दिला. पुढच्या शनिवारी शांतपणे सगळं सांगायचं असं ठरवून मी पुण्याला निघून आले. गुरुवारी आईचा फोन आला.

भेटायला येणारी माणसं म्हणाली, सुटले बिचारे. आण्णांनी मला माफ केलं, ते मी न बोललेल्या गोष्टीसाठी. पोटची पोर आपल्याला कंडम म्हणाली असं धरून ते गेले, आणि जाताना तिचीच समजूत काढून गेले.