आबा डॉमिनिकाला जाऊन आले

आबा निघाले त्या संध्याकाळी मी कोळवणात नव्हते. मी डॉमिनिकात, कॅरिबियन समुद्रातल्या एका एवढ्याशा बेटावर, हॉस्पिटलला जायच्या तयारीत होते. माझ्याकडे सकाळ होती. आईने आमच्या वस्तीतल्या विहारासमोरून व्हिडिओ कॉल लावला होता. मी नर्सच्या नोकरीसाठी इकडे आले तेव्हा निरोपाला चार माणसं होती. आबांना मात्र शाल, हार, फोटो, सगळं झालं. तीस वर्षं पौड-कोळवण जीप चालवलेला माणूस दुसऱ्याच्या जीपमध्ये पाहुण्यासारखा पुढे बसला होता. लेकीचं बेट बघायला चाललो म्हणून त्यांनी महिनाभर आधीच सगळीकडे सांगून ठेवलं होतं. आई आली नाही. तिला विमानाची भीती, आणि घरात म्हैस.

बेटावर उतरायला आपल्या लोकांना व्हिसा लागत नाही. हे मी दोनदा वाचलं होतं. पण वाटेत लंडनला विमान बदलावं लागतं, आणि तिथे नुसतं एका विमानातून दुसऱ्यात बसायलाही वेगळा व्हिसा लागतो, हे मी पाहिलंच नाही. माझ्या वेळचे सगळे कागद हॉस्पिटलने केले होते. आबांचे मी केले. चूक माझी होती.

दुपारी वॉर्डात असताना मुंबईच्या विमानतळावरून आबांचा फोन आला. काउंटरवरची मुलगी आत सोडत नाही म्हणाले. मी तिच्याशी बोलले. ती मराठीच होती, समजुतीने बोलत होती, पण नियम तिच्या हातात नव्हता. मग आबांनी फोन घेतला. मी रडत माफी मागत राहिले. त्यांनी ती ऐकूनच घेतली नाही. म्हणाले, "सुजे, म्या गावाला जात न्हाई. कुटल्या तोंडानं जाऊ?"

माझा आत्येभाऊ विशाल हिंजवडीत एका कंपनीची गाडी चालवतो. तिथून जवळच, जांब्यात त्याची भाड्याची खोली आहे. आबा बॅग घेऊन तिथे गेले आणि बावीस दिवस राहिले. गावापासून फार तर तासाभराचा रस्ता. दोन दिवसांनी त्यांनी आईला फोन करून सांगितलं, पोचलो. मग लगेच मला फोन करून म्हणाले, "आता तू सांग, हितं काय काय हाय."

सांगायला माझ्याकडे काही नव्हतं. अकरा महिन्यांत मी खोली, हॉस्पिटल आणि भाजीबाजार यापलीकडे गेले नव्हते. डोंगरातले ते रस्ते, अनोळखी माणसांनी भरलेल्या मिनीबस, सगळ्याचीच धास्ती वाटायची. पण आता आबांना गावात जाऊन बोलायचं होतं. सुट्टीच्या दिवशी मी रोसोच्या, म्हणजे इथल्या राजधानीच्या, स्टँडवर गेले आणि पहिल्या बसमध्ये चढले. कोणी माझ्याकडे बघेना. पुढच्या वेळी कळलं की इथे गाडीत चढताना सगळ्यांना गुड मॉर्निंग म्हणायचं असतं, नाहीतर माणूस शिष्ट ठरतो. गाडी भरल्याशिवाय हलत नाही, हे ऐकून आबा फोनवर पहिल्यांदा हसले. म्हणाले, मग ड्रायव्हर आपलाच दिसतोय.

त्यानंतर मी प्रत्येक सुट्टीला निघू लागले. उत्तरेला पोर्ट्समथ. पूर्वेचा किनारा, जिथे रस्ता ताम्हिणी घाटासारखा वळत जातो आणि खाली एकदम अटलांटिक दिसतो. दक्षिणेचं टोक, जिथे जमिनीच्या एका चिंचोळ्या पट्टीच्या एका अंगाला खवळलेला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला संथ. रविवारी बस जवळजवळ नसतातच. एकदा त्यामुळे दोन डोंगर पायी उतरले. आबा बारीकसारीक विचारायचे. स्टेअरिंग कुठल्या बाजूला? आपल्यासारखंच, उजवीकडे. शेतात काय? केळी, आणि आपल्या अळूच्या जातीचे कंद, ते उकडून खातात. फोटो पाठव म्हणाले. त्यात तुम्ही नसाल, असं मी म्हटलं, तर म्हणाले, फोटो काढणारा कसा दिसंल?

आईचा फोन आला की मी सांगायचे, आबा बाहेर फिरायला गेलेत. ती म्हणायची, बरं. बेट मला त्या बावीस दिवसांत आवडायला लागलं, आणि ते आवडतंय याचीही लाज वाटायची.

या मे महिन्यात मी घरी गेले. कोळवणच्या स्टँडवर आबा चहा पीत माणसांना बेटावरच्या बसबद्दल सांगत होते. मला बघून म्हणाले, "इचारा हिला." सगळे माझ्याकडे वळले. मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी आई तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "हिंजवडीला दूध घालणाऱ्यानं त्यांना जांब्यात बघितलं व्हतं. तिसऱ्याच दिशी येऊन मला सांगून गेला. म्या त्याला म्हनलं, कुणाला बोलू नगंस. तू बी त्यांना सांगू नगंस." म्हणजे मी तिच्याशी खोटं बोलत होते तेव्हा ती ते ऐकून घेत होती. मला तिच्या शेजारी बसवेना.

मी लंडनच्या व्हिसाचा फॉर्म सोबत आणला होता. यावेळी एकेक ओळ तपासलेली. ओट्यावर आबांपुढे ठेवला. त्यांनी तो बराच वेळ हातात धरला, मग घडी घालून परत दिला.

"समदं सांगून झालंय, सुजे. आता जाऊन आल्यावर काय सांगू? आन तू सांगितलंस त्याच्यावून येगळं निघालं तर?"

मी खूप समजावलं. ते उठून म्हशीकडे गेले.

घर म्हणजे मोकळेपणी बोलायची जागा, असं मी गाव सोडताना मानत होते. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे दूर गेलेत त्यांना कदाचित माहीत असेल, आपण गेल्यावर मागच्यांना आपलं जाणंही गावात निभावून न्यावं लागतं. आमच्या घरात आता तिघंही एकमेकांना जपून बोलतो. तरी सुट्टी मंजूर झाली की मला तिथेच जायचं असतं.

बेटावर परत आल्यावर एका सकाळी आबांना फोनवर सांगितलं की पूर्वेच्या रस्त्यावर नवा पूल बांधतायत. मी एकटीच होते, त्यांच्याजवळही कोणी नव्हतं.

"म्या आलो व्हतो तवा न्हवता त्यो," आबा म्हणाले.

 

"हो आबा," मी म्हटलं, "तुम्ही गेल्यावर काम काढलं."