मायाची ॲडमिशन

कॉलेजच्या ऑफिसात काम करणाऱ्याला किस्से शोधत फिरावं लागत नाही. जून उजाडला की ते आपणहून काउंटरवर येऊन उभे राहतात! सत्तर-ऐंशीच्या त्या वर्षांत बेळगावच्या आमच्या कॉलेजात ॲडमिशनचं टेबल माझ्याकडे होतं. माझ्या मागे बसायचे हेडक्लार्क अण्णा. माणूस लाख मोलाचा, पण "कागद न्हाय, ॲडमिशन न्हाय" यापुढे एक अक्षर ऐकायचे नाहीत.

* * *

जवळच्या मच्छे गावचा एक शेतकरी पोराला घेऊन आला. अण्णांनी रहिवासी दाखला मागितला. दुसऱ्या दिवशी हा गडी बैलगाडीभर माणसं घेऊन हजर!

"हे काय रं?"

"तलाठी गावात न्हवता, अण्णा. मग गावच आणलंय. इचारा कुणालाबी!"

अण्णांनी सगळ्यांना चहा पाजला. दाखला मात्र नंतर घेतलाच.

* * *

नव्या प्रिन्सिपॉलसरांनी एकदा स्टाफचेच कागद मागवले. अण्णा जन्मापासून बेळगावात, पण त्यांच्या जुन्या दाखल्यावर मुंबई राज्य! तेव्हा बेळगाव तिकडेच होतं ना; छप्पन्न साली ते कर्नाटकाकडे गेलं आणि दोन राज्यांचा त्यावरचा वाद काही मिटला नव्हता.

सर म्हणाले, "अण्णा, तुम्ही तर बाहेरून आलेले निघालात!"

"मी हितंच बसलोय, सर. राज्यच उठून गेलं!"

त्या दिवशी अण्णा कुणाशी धड बोलले नाहीत.

* * *

आणि मग आली माया. तिचा बाप बहादूर कॅम्पात एका बंगल्यावर गुरखा होता. नेपाळातून आला तेव्हा ही त्याच्या खांद्यावर. शाळेनं काही न विचारता घेतलं आणि पोरीनं दहावीला फर्स्ट क्लास काढला. तिला सायन्स हवं होतं, पुढे डॉक्टर व्हायचं होतं. पण ना जन्माचा दाखला, ना रहिवासी, ना रेशनकार्ड.

स्टाफरूममध्ये रण पेटलं!

"आज हिला घेतलं की उद्या कुणीही येईल. आपल्या पोरांच्या सीटा जातील," गणिताचे सर म्हणाले.

"येऊ देत की! आपण कॉलेज काढलंय, किल्ला नाही बांधला!" मराठीच्या बाई कडाडल्या.

बहादूर रोज यायचा आणि अण्णांना कडक सॅल्यूट ठोकायचा. अण्णांना जन्मात कुणी सॅल्यूट केलेला नव्हता! ते खुर्चीतून अर्धे उठायचे, सॅल्यूट घ्यायचे आणि मग पडेल आवाजात "न्हाय" म्हणायचे. मला दोघांचीही दया यायची.

* * *

शेवटी प्रिन्सिपॉलसरांनी मायाला केबिनमध्ये बोलावलं. अण्णा आणि मी बाजूला उभे. ॲडमिशनचा तो शेवटचा दिवस. सर नाही म्हणाले असते तर पोरीचं शिक्षण तिथंच संपलं असतं. बहादूर दाराबाहेर टोपी हातात घेऊन उभा होता.

"गाव कुठलं तुझं?" सरांनी विचारलं.

"बेळगाव."

"बेळगाव कसं गं?" अण्णा मध्येच म्हणाले. "तू भायेरनं आलीस न्हवं?"

"व्हय अण्णा, लहान असताना आलते. तवापास्नं हितंच हाय."

"बरं," सर म्हणाले, "मग राज्य कुठलं लिहू?"

मायानं सरांकडे पाहिलं, मग अण्णांकडे.

"ते तुमच्यात ठरलं की सांगा, सर. मी कुठं जात न्हाय!"

सरांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि पेन सरांच्या पुढे सरकवलं.

"करा सही, सर. भायेरच्या माणसाला असं बोलायला जमायचं न्हाय!"