फाटकावरची झडती

"लुगडं सोड," झडतीवाली माज्या सासूला म्हणाली. आमा बायांच्या म्होरं. खुर्ची टाकून बसलेल्या मुकादमाच्या देखत.

सासूनं सोडलं. रोजच सोडायची. लाजसुदीक दमती मानसाची.

भाटघरला धरणाचं काम सरलं अन् आमी रिकामे झालो. मुकादम आमच्याच वेल्ह्याचा, वतनदाराच्या घरचा. त्यानंच आमाला लांब म्हैसूर मुलखात नेलं, सोन्याच्या खाणीवर. खाणीला लागून आमची वस्ती. पत्र्याच्या खोल्या, दारात पांढरी धूळ. नवरा खाली खाणीत उतरायचा. तान्ही पोरगी खोलीत निजवून सासू अन् म्या वर दगड फोडायचो. सोनं कदी डोळ्यांनी बघितलं न्हाई. पर काम सुटलं की फाटकावर झडती. केस मोकळे करा. तोंड उघडा. जीभ वर करा.

त्या दिवशी सासूला ढास लागली. तोंड उघडंना.

मुकादम म्हणाला, "गिळलं थेरडीनं. घाल बोट. उष्ट्यावर वाढलेली जात ही."

झडतीवालीनं घशात बोट घातलं. सासू ओकली. भाकरीचं पाणी. मुकादमानं त्यात काठी फिरवून बघितली. काय न्हाई.

"पूस आता. लुगड्यानंच."

सासू वाकली. खरंच वाकली. म्या तिचं मनगट धरलं.

"आत्याबाई, ऱ्हाऊ द्या."

लुगडं तिच्या अंगाभवती गुंडाळलं. मुकादम माज्याकडं वळला. "तुजी पाळी. सोड केस."

"न्हाई सोडत."

"उद्यापासनं काम न्हाई. खोलीबी न्हाई."

"नसू दे."

शूर-बिर काय नव्हते म्या. लई दमले व्हते. मागच्या बाया खाली बघत ऱ्हायल्या. त्यांच्यावर राग न्हाई माजा.

सांजच्याला नवरा म्हणाला, "येवडं सोसलं, आनखी थोडं सोसायचं."

सासूच बोलली, "तू सोस. आमी दोगी पोरीला घिऊन जातो."

तो आला न्हाई. सासू गावी आली अन् त्याच खोकल्यानं गेली. आता म्या शिवऱ्याच्या सडकंवर खडी फोडते. परवा मुकादमाचा भाऊ आला व्हता, माणसं न्यायला. म्हणाला, "पोरगी मोठी झाली की तुजी. दोगी चला."

म्या हातोडा खाली ठेवला न्हाई. म्हणलं, "न्हाई."

पोट अर्धंच भरतं. भरू दे. ज्या कामाच्या दारात बाईला उघडं व्हावं लागतं, त्या कामाला म्या जाणार न्हाई, पोरीला जाऊ देणार न्हाई. अन् कुनी हात घातलाच, तर वतनदार असो का सायेब, त्यो हात म्या मोडीन.