बाभळीच्या कोळशाचं पोतं

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आमच्याकडची रीत. पण त्या सालांत कापसाला ना पीक ना भाव, अशी गत होती. महागावकडच्या आमच्या घरात सकाळचं भागलं की संध्याकाळचं बघायचं. माझं सासर वणीकडे, कोळसा खाणीच्या कॉलनीत, आणि दवाखाना तिथून हाकेच्या अंतरावर. म्हणून सासूबाईंनी निरोप धाडला, "बाळंतपण इथंच करू, तुम्हीच या." निरोपात वाईट काही नव्हतं. पण लेकीचं पहिलं बाळंतपण आपल्याला जमलं नाही, या विचारानं आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाळ चार-पाच दिवसांचं असताना ती आली. हातात कपड्यांची पिशवी आणि सोबत एक पोतं, तोंड सुतळीनं शिवलेलं. डिंकाचे लाडू असतील म्हणून माझ्या नवऱ्यानं ते हौसेनं उचललं, तर आतून करकर आवाज आला. बाळंतिणीच्या शेकासाठी आईनं बाभळीचे कोळसे आणले होते.

"मामी, इथं कोळशाची काय कमी होती?" असं आईला म्हणून तो हसत सुटला. सासूबाईही पदराआड हसल्या. कॉलनीत वाळत घातलेलं धुणं संध्याकाळपर्यंत राखाडी व्हायचं, ट्रकांमागे काळी धूळ उडायची, तेव्हा हसण्यासारखं होतंच. मला मात्र राग आला. आईकडे द्यायला दुसरं काही नव्हतं, हे त्यांना कळत कसं नाही? पण ओल्या बाळंतिणीनं भांडायचं तरी किती!

 आईनं पोतं न्हाणीमागे नेऊन ठेवलं, वर फाटकी ताडपत्री टाकली आणि पुन्हा त्याचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सासूबाई बाजाराला गेल्या, नवरा ड्युटीवर. आमच्या कॉलनीत दगडी कोळशाची शेगडी अंगणात पेटवत, धूर सरला की स्वयंपाकाला आत घेत, आणि दारं-खिडक्या उघड्या ठेवत. आईनं आदल्या दिवशी हे नीट पाहून ठेवलं होतं. इथल्या रीतीनं केलं की कुणी हसणार नाही, एवढाच तिचा हिशेब. तिनं तोच दगडी कोळसा पेटवला आणि धूर जाऊन निखारे लालबुंद होईपर्यंत ती अंगणात थांबली. मग शेगडी माझ्या बाजेखाली सरकवली, ओवा टाकला आणि बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून दार-खिडकी लावून फटीत चिंध्या कोंबल्या. माहेरी ती शेक असाच द्यायची. पण ते घर कवेलूचं, दार लावलं तरी छपरातून हवा खेळायची. इथं डोक्यावर स्लॅब होता.

आधी छान ऊब वाटली. मग कानशिलं ठणकू लागली.

"आई, डोकं जड झालं."

"झोप येऊन राह्यली असंन तुले. पड," ती म्हणाली. ती स्वतःच भिंतीला टेकली होती. बाळाची दुधाची वेळ टळून गेली होती आणि ते रडत नव्हतं. हे चांगलं नाही, एवढं मला कळत होतं, पण हात उचलत नव्हता.

सासूबाईंनी बाहेरून हाका मारल्या आणि उत्तर येईना तसं दार ढकललं. बाळाला उचलून त्या अंगणात धावल्या, मग आम्हा दोघींना ओढत बाहेर काढलं. बऱ्याच वेळानं बाळ रडलं. तसं गोड रडणं मी पुन्हा ऐकलं नाही. 

आईला उलटी झाली. चूळ भरून ती आत गेली आणि आपली पिशवी भरून घेऊन आली. "मले गाडीत बसवून द्या," ती खाली बघत म्हणाली. "माह्या हातून नातवाचा जीव गेला असता." मी तिचा पदर मुठीत धरून ठेवला.

सासूबाई न्हाणीमागे गेल्या आणि ते पोतं फरफटत अंगणात घेऊन आल्या.

"विहीणबाई, आमचा हा कोळसा माणसाच्या उशाशी ठेवाचा नसते. आम्ही हसलो, पण तुम्हाले हे सांगतलं नाही. शेक तुमच्याच कोळशाचा होईन. दार मात्र उघडं राहीन, बाजेले वाऱ्याच्या अंगानं गोधडी बांधून घेऊ."

त्यांनी सुतळी उसवून मूठभर कोळसे काढले. सगळे बोटाच्या पेराएवढे. "इतके बारके कुठून आणले?"

"आणले कुठून? चुलीतले हायेत. हिची खबर आली तवापासून रोज सैपाक झाला का चार निखारे बाजूले काढून इझवत गेली."

सासूबाईंचं माहेरही कापसाच्याच गावचं. तिकडच्या चुली पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांवर, चालतात आणि पऱ्हाटीची राख होते, कोळसा होत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्या चार निखाऱ्यांसाठी आई रोज कुठून तरी बाभळीचं लाकूड शोधून आणत होती. सासूबाईंनी हातातले कोळसे एकेक करून परत पोत्यात ठेवले. मग हात पुसून त्यांनी आईच्या हातातली पिशवी घेतली आणि आत नेऊन खुंटीला अडकवली.