काडेपेटीतला खंडोबाचा किडा

जळोचीची चंद्राबाई खंडोबाचे किडे पाळायची. हसायचं असेल तर हसा. त्रेपन्न साली सगळं गाव पोट धरून हसलं होतं.

पुढचे पाय जोडून बसणारा तो हिरवा किडा वांग्यावरच्या अळ्या मटकावतो, म्हणून तिचा त्याच्यावर जीव. नवरा गेल्यावर थोरल्या दिरानं, हिंदुरावांनी, तिला पडवीत काढलं. तिथला पत्रा इतका खाली की ताठ उभं राहिलं की डोक्याला लागायचा. तिथं तिला सोबत या किड्यांची. ती त्यांना काडेपेटीत ठेवायची, माश्या धरून घालायची. पण कात टाकली की किडा वाकडाच निघायचा, पाय मुडपलेले, आणि दोन दिवसांत मरायचा. असे तीन गेले, एकच उरला.

विधवेनं देवाचा किडा कोंडला म्हणून देव कोपला, असा गावानं निकाल दिला. मला अजून त्याची चीड येते.

हिंदुराव पडवीपाशी येऊन म्हणाले, "ऱ्हायलेला किडा रविवारी रानात सोडायचा. परत घरात दिसता कामा न्हाय."

थोरल्या दिरापुढं बाई बोलत नसे. चंद्राबाईनं पदर पुढं ओढला आणि तोंड उघडलं.

"आबा, रविवारपातुर ह्यो कात टाकून वाकडा निघाला तर परत पाळनार न्हाय. सरळ निघाला तर मी म्हनीन तसं व्हईल. कबूल?"

"कबूल," हिंदुराव हसून म्हणाले.

ती तडक वांग्याच्या वाफ्यात जाऊन बसली. दुपारी एक किडा दिसला. पानाला उलटा लोंबकळत तो जुन्या कातीतून हळूहळू खाली सरकत होता. खाली मोकळी जागा होती, म्हणून पाय सरळ सुटले. काडेपेटीत कुठली आली एवढी जागा? आपल्याच हातानं तीन मारले, म्हणून ती बांधावर रडली.

घरी येऊन तिनं कंदिलाची काच उभी ठेवली, वर खरबरीत फडकं बांधलं आणि किडा आत सोडला. शुक्रवारी त्यानं खाणं सोडलं, म्हणजे कात जवळ आली. रविवारी सकाळी तो फडक्याला उलटा लटकून कातीतून निघाला. पाय सरळ, पंख लांबसडक.

"देव पावला म्हनायचा," हिंदुराव पुटपुटले.

"देव तोच हाय, आबा. जागा बदलली." तिनं अंथरुणाची वळकटी काखेला मारली आणि मधल्या खोलीकडं निघाली. "आता मी म्हनीन तसं. मला बी घरात ताठ उभं ऱ्हायचंय."

हिंदुराव दारातून बाजूला झाले.