खाली ठेवलेला पेला

आमच्या ख्रिस्ती देवळात साक्ष द्यायला उभे राहतात त्यांचं मला नवल वाटतं. प्रभूनं स्पर्श केला आणि त्या दिवसापासून बाटलीची आठवणसुद्धा झाली नाही, असं सांगतात. झालं असेल. माझ्या मुलाला रोज आठवण होते. दारू सोडल्यापासून तो वाळूजच्या कंपनीतून सुटला की लांबच्या रस्त्यानं घरी येतो, कारण जवळच्या रस्त्यावर दुकान आहे. आला की भाकरीआधी गुळाचा खडा तोंडात टाकतो. जिभेला काहीतरी द्यावं लागतं म्हणतो. त्याच्या बापानं एवढंही केलं नाही. तो पीत राहिला आणि मेला.

दारूपायी देवळाच्या पंचांनी मुलाचं प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि पेला, बंद केलं होतं. सून लेकराला घेऊन पैठणला माहेरी गेली. व्याही माणूस वाईट नाही, पण पक्का. देवळात त्याला पुन्हा पेला मिळू द्या, मग पोरीला पाठवतो, असं त्यांनी मला तोंडावर सांगितलं. सगळा हिवाळा मुलगा मागच्या बाकावर बसून समोर आलेलं पेल्यांचं तबक पुढं सरकवत राहिला. ऊन तापायला लागलं तेव्हा पंच म्हणाले, आता द्यायला हरकत नाही. मी पैठणला फोन केला. रविवार होऊ द्या, सोमवारी आणून सोडतो, असं व्याही म्हणाले. मी नातवासाठी गुलमंडीवरून सदरा आणला.

आमच्या देवळात प्रभुभोजनाला दारू चालत नाही. मनुका उकळून, कुस्करून, फडक्यातून गाळून रस करतात. हे काम बायका पाळीपाळीनं करतात. त्या वेळी जिची पाळी होती तिला लासूर स्टेशनला लग्नाला जायचं होतं. तिनं रस आधीच करून देवळाच्या फ्रिजमध्ये ठेवला आणि कुलूप लावून गेली. मधे वीज गेली ती दोन दिवस आली नाही. हे मला मागून कळलं.

पेला हातात आला की आम्ही लगेच पीत नाही. सगळ्यांना मिळेपर्यंत धरून बसायचं आणि पाळकसाहेबांनी सांगितलं की एकदम प्यायचं. त्या रविवारी मी पेला धरला आणि वास आला. नवऱ्याच्या सदऱ्यांना जन्मभर जो यायचा तोच. मी पुरुषांच्या बाजूला पाहिलं. मुलाचा पेला नाकाजवळ होता आणि डोळे मिटलेले होते. उठून ओरडावंसं वाटलं, पण उपासना चालू होती. मी बसून राहिले. पाळकसाहेबांनी सांगितलं, सगळे प्यायले, मीही प्यायले. आंबूस होतं, जिभेला चावत होतं. मुलानं भरलेला पेला समोरच्या फळीवर ठेवला आणि तो बाहेर निघून गेला.

पेला खाली ठेवला म्हणजे मनात लपवलेलं पाप आहे, असंच आमच्यात समजतात. माना वळल्या. पायऱ्या उतरेपर्यंत सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं की त्यानं परत सुरू केली.

मी पाळकसाहेबांना सांगितलं, रस आंबला होता. ते म्हणाले, काकू, मला तर तसं काही लागलं नाही. त्यांनी जन्मात दारू चाखली नव्हती, त्यांना काय लागणार? उरलेला रस रिवाजाप्रमाणे देवळामागच्या मातीत ओतला होता, पेलेही धुऊन झाले होते. जिची पाळी होती ती कपाट लावत होती. तिला विचारलं तर तिनं वळूनही पाहिलं नाही.

"मावशी, एवढ्या लोकांत तो वास तुमच्याच घराला बरा आला."

खरंच होतं ते.

घरी आले तर मुलगा खाटेवर बसला होता. डब्यातला गूळ संपला होता. व्याह्यांना कुणीतरी आधीच कळवलं होतं, ते फोन उचलत नव्हते. मी त्याला म्हटलं, तू बरोबर केलंस, प्रभूनं पाहिलंय.

"लई चांगला वास होता, आई," तो म्हणाला.

मग खाली बघत म्हणाला, "बाहेरून कडी लाव. मी म्हटलं तरी काढू नको."

मी कडी लावली आणि उन्हात पायरीवर बसले. प्रार्थना करायला लागले, पण 'आमच्या बापा'च्या पुढं सरकेना. आत तो फेऱ्या मारत होता. मधेच थांबून विचारायचा, "आई, हायेस ना?" मी म्हणायची, "हाये."

सारखं मनात येत होतं, एवढा जीव तोडून तो ज्याच्यापासून लांब राहिला, ते त्याला देवाच्या घरात, तबकात घालून दिलं. ते कुणाला पटवून द्यायचं मला जमलं नाही. पैठणची गाडीही आता येणार नव्हती. नातवाचा सदरा पिशवीत होता तसाच पडून होता.

आणि कडी तरी किती वेळ लावून ठेवणार? सकाळी त्याला कामावर जायचं होतं. तेव्हा ती मलाच काढायची होती.